पाय सुटला, कंबर राहिली

डिस्कचं ऑपरेशन झालं म्हटल्यावर जो तो एकच विचारतो, "मग आता पाठ दुखत नाही ना?" दुखते की! आणि तरीही ऑपरेशन चांगलं झालं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात हे सोसायटीतल्या काकूंना पटवून पटवून दमलो, म्हणून या शनिवारी एकदाचं लिहूनच टाकतो.

तर मंडळी, दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट कडं, आत मऊ गर. कडं फाटलं की गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर बसतो. नस जाते पायात, म्हणून बोंब मारतो पाय. माझी गादी एल फोर-एल फाइव्हची. डाव्या कुल्ल्यापासून पावलापर्यंत अशी कळ जायची की शिंक आली तरी टेबल घट्ट धरायचो. सहा आठवडे गोळ्या, फिजिओ आणि झाडून सगळ्या नातेवाइकांची तेलं झाली. मग डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. अंगठा वर उचलायची ताकदच कमी होत होती. तेव्हा मात्र सर्जन म्हणाले, आता थांबायला नको.

(नुसती कळ असेल तर बऱ्याचदा थांबता येतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या एका अभ्यासात २८३ रुग्ण होते. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, पण वर्षाअखेर दोन्हीकडचे ९५ टक्के लोक बरे झाले होते. ऑपरेशनवाल्यांचा पाय लवकर थांबला, हा मुख्य फरक. मात्र लघवी अडली किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर अभ्यासबिभ्यास बाजूला, त्याच रात्री हॉस्पिटल.)

मायक्रोडिसेक्टॉमीत अख्खी गादी काढत नाहीत, नसेवर बसलेला तुकडा काढतात. झिजलेली गादी आणि फाटलेलं कडं तिथेच राहतं. त्यामुळे संध्याकाळी जाग आली तेव्हा पायातली कळ गायब! पावलावरचा बधिरपणा जायला पाच महिने लागले. आणि कंबर? ती आपल्या तंद्रीत.

आपलं सगळं घर कंबरेत वाकून चालतं, हे घरी आल्यावर कळलं. बादली स्टुलावर चढली. मांडी घालून जेवणं बंद. उठायचं ते आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताने रेटा. आणि साडेतीन वर्षांची लेक हात वर करून समोर उभी, "बाबा, कडेवर." तिसऱ्या आठवड्यात तिने मागणंच सोडलं. थेट आजोबांकडे जायला लागली. ते कंबरेपेक्षा जास्त लागलं.

पाचव्या आठवड्यात एका रात्री शिंक आली आणि कुल्ल्यात चमक. झोप उडाली. उरलेला गर पुन्हा बाहेर येऊ शकतो, हे वाचून ठेवलं होतंच! सकाळी फिजिओबाईंनी उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, अंगठ्याची ताकद बघितली आणि म्हणाल्या, "नस मोकळी आहे. दुखतंय म्हणजे काही तुटलंय असं नाही. चाला." इतक्या गोळ्यांनी जे केलं नाही ते या वाक्याने केलं. तेव्हापासून दहा मिनिटांचं चालणं वाढवत चाळीसवर नेलं. दर अर्ध्या तासाला खुर्ची सोडायची, कॉल चालू असला तरी. स्टँडअप मीटिंग खरोखर उभ्याने करणारा आमच्या टीममध्ये मी एकटाच :-)

चौथ्या महिन्यात बाईंनी वजन उचलायला शिकवलं. गुडघ्यात वाकायचं, वस्तू पोटाशी धरायची. दहा किलोंच्या तांदळाच्या पिशवीपर्यंत पोचलो. लेक तेव्हा तेरा किलोंची. "अजून तीन किलो जमले की तुला उचलणार," मी तिला सांगितलं.

तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग मी जेवतच नाही."