मदत म्हणायची की थकलेले देणे?

काही वर्षांपूर्वी तरुणांच्या एका अभ्यासवर्गात आम्ही नाउरू या देशाचे उदाहरण दिले होते. पॅसिफिक महासागरातले एक बेट, क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १२ हजारांच्या आसपास. खनिजाचा पैसा आला, लोकांनी उडवला आणि आता परदेशी मदतीवर दिवस काढतात, असे आम्ही सांगितले. पोरं हसली, आम्हीही हसलो. वर्ग संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, आमच्या कॉलेजात स्कॉलरशिपवाल्यांबद्दल अगदी असंच बोलतात. फुकटचं मिळतं म्हणून यांना किंमत नाही, असं."

आमच्याकडे उत्तर नव्हते. जे वाक्य आपल्याबद्दल कुणी उच्चारले तर आपण पेटून उठतो, तेच वाक्य आम्ही दुसऱ्या एका समाजाबद्दल काहीही न वाचता ठोकून दिले होते. म्हणून आम्ही नाउरूचा इतिहास मुळापासून वाचला. त्यातून जे कळले ते मांडणे हे आमचे कर्तव्य आहे.

नाउरूच्या जमिनीत उच्च प्रतीचे फॉस्फेट होते. फॉस्फेट म्हणजे रासायनिक खताचा कच्चा माल. जर्मन वसाहतीच्या काळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खाणकाम सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने हे बेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याकडे सोपवले. सोपवताना भाषा काय होती? स्वतःच्या पायावर उभे राहू न शकणाऱ्या लोकांचे कल्याण ही सुसंस्कृत जगाची पवित्र जबाबदारी आहे! या तीन देशांनी 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स' नावाची यंत्रणा उभी केली आणि नाउरूचे फॉस्फेट बाजारभावापेक्षा स्वस्तात आपापल्या शेतकऱ्यांना पुरवले. जमिनीच्या मालकांच्या हाती पडली ती नाममात्र रॉयल्टी.

आता सांगा मित्रांनो, मदत कोण कुणाला करत होते? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची कुरणे ज्या खतावर हिरवी झाली, ते खत नाउरूच्या पोटातून निघाले होते. पण त्याला कुणी 'नाउरूची ऑस्ट्रेलियाला विकास मदत' असे म्हटले नाही. दुबळ्याकडून बलवानाकडे जे जाते त्याला व्यापार म्हणतात, आणि बलवानाकडून दुबळ्याकडे जे येते त्याला मदत.

दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले आणि सुमारे १२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेऊन राबवले. त्यांतले ७३७ जण ३१ जानेवारी १९४६ रोजी परत आले. पुढे १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाने सुचवले की खाणकामाने बेट राहण्याजोगे उरणार नाही, तर क्वीन्सलँडजवळच्या कर्टिस बेटावर येऊन राहा. नाउरूवासीयांनी नकार दिला, कारण तिथे घर मिळणार होते, पण स्वतःचे राज्य मिळणार नव्हते. हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली ३१ जानेवारी १९६८ रोजी, म्हणजे ट्रुकहून परतल्याच्याच तारखेला, त्यांनी स्वातंत्र्य घेतले. आपल्याच जमिनीवरचा खाणउद्योग त्यांना पैसे मोजून विकत घ्यावा लागला.

आता भारताशी जोडणारा दुवा. ओडिशातला पारादीप फॉस्फेट्स हा खत कारखाना १९८१ साली भारत सरकार आणि नाउरू प्रजासत्ताक यांचा संयुक्त उपक्रम म्हणून स्थापन झाला. ज्या देशाला आम्ही वर्गात 'मदतीवर जगणारा' म्हटले, त्या देशाने एकेकाळी आपल्या खत कारखान्यात भांडवल घातले होते. १९९३ मध्ये नाउरू त्यातून बाहेर पडला.

त्याच १९९३ साली दुसरी एक गोष्ट घडली. स्वातंत्र्यापूर्वी उकरून टाकलेली जमीन पूर्ववत करण्याचा खर्च कोण देणार, हा प्रश्न नाउरूने लावून धरला होता. श्रीलंकेचे विधिज्ञ ख्रिस्तोफर वीरमंत्री यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला आणि १९८९ मध्ये थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा दाखल केला. १९९२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे मुख्य आक्षेप फेटाळून खटला चालवता येईल असे ठरवले. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने तडजोड केली आणि १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे मान्य केले. काही रक्कम रोख, उरलेली २० वर्षांच्या वार्षिक हप्त्यांत. त्या हप्त्यांना नाव दिले गेले 'पुनर्वसन आणि विकास सहकार्य'. नुकसानभरपाईचे नाव बदलले की देणेकरी दाता होतो आणि हक्कदार याचक होतो. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी मेख इथे आहे.

नाउरूच्या राज्यकर्त्यांना आम्ही निर्दोष ठरवत नाही. फॉस्फेटच्या उत्पन्नातून उभा केलेला निधी त्यांनी मेलबर्नच्या ५२ मजली इमारतीत, विमानसेवेत, अगदी लंडनच्या एका फसलेल्या संगीतनाटकात घातला. कर्ज झाले, ती इमारत २००४ मध्ये विकावी लागली. १९९० च्या दशकात काळा पैसा धुणाऱ्या बँकांना आसरा दिला. ही उधळपट्टी आणि बेजबाबदारी होतीच. पण मूठभर नेत्यांनी निधी बुडवला म्हणून जमीन ओरबाडणाऱ्यांचे देणे फिटत नाही. दोन्ही हिशेब वेगळे आहेत आणि वेगळेच मांडले पाहिजेत.

तिजोरी रिकामी झाली तेव्हा 'मदत' धावून आली. ऑगस्ट २००१ मध्ये 'टाम्पा' या नॉर्वेच्या जहाजाने समुद्रात बुडणाऱ्या चारशेहून अधिक निर्वासितांना वाचवले. त्यांत बहुसंख्य अफगाण होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना आपल्या भूमीवर उतरू दिले नाही. पुढच्याच महिन्यात नाउरूशी करार झाला: मदत घ्या आणि या माणसांना तुमच्याकडे ठेवा. ते केंद्र २००८ मध्ये बंद झाले, २०१२ मध्ये पुन्हा उघडले. २०१६ मध्ये फुटलेल्या दोन हजारांहून अधिक अंतर्गत नोंदींमधून तिथल्या मारहाणीच्या, लैंगिक छळाच्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांच्या कहाण्या जगासमोर आल्या. एका लुटलेल्या समाजाला दुसऱ्या बेघर समाजाचा पहारेकरी केले गेले. शोषितांकडूनच शोषितांवर पहारा बसवण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

बाकीचे दातेही साधुसंत नव्हेत. संयुक्त राष्ट्रांत नाउरूचे मत एक आहे आणि त्याला भाव आहे. २००२ मध्ये तैवान सोडून चीन, २००५ मध्ये पुन्हा तैवान, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चीन. २००९ मध्ये रशियाच्या पाठीशी असलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेशियाला मान्यता. प्रत्येक वळणावर मदतीची चर्चा झाली. डिसेंबर २०२४ च्या करारात ऑस्ट्रेलियाने पाच वर्षांत १० कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य कबूल केले. बदल्यात सुरक्षा, बँकिंग आणि दूरसंचार या क्षेत्रांत तिसऱ्या देशाशी व्यवहार करण्यापूर्वी नाउरूला ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. जे राज्य हातचे जाऊ नये म्हणून कर्टिस बेट नाकारले होते, त्याच राज्याचे निर्णय आज तुकड्यातुकड्याने गहाण पडत आहेत.

मग मदत नाकारावी का? बेटावर रुग्णालय हवे, बंदर हवे, बँक हवी. उपाशी माणसाला स्वाभिमानाचे प्रवचन देणे आम्हाला मान्य नाही. पण कुठल्याही मदतीला तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. हे आधीच्या लुटीचे देणे तर नाही? हे कशावर खर्च करायचे ते कोण ठरवतो? आणि 'नको' म्हणण्याची मुभा घेणाऱ्याला आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल, तर त्याला मदत म्हणणे थांबवा.

त्या मुलीला आम्ही नंतर हे सगळे सांगितले. पुढच्या वर्गात नाउरूवर बोलायला तिलाच उभे केले. तिने फळ्यावर दोन रकाने आखले: 'काय नेले' आणि 'काय दिले'. पहिला रकाना भरता भरता फळा संपला. त्या दिवशी कुणी हसले नाही.