एक पाप, दोन मापे

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील शाळेच्या सभागृहात पांढरी चादर ताणून सिस्टरांनी आम्हा मुलांना 'द बेल्स ऑफ सेंट मेरीज' हा चित्रपट दाखविला होता. इंग्रजी संवाद आम्हांला फारसे उमगले नाहीत. परंतु मार खाऊन आलेल्या मुलाला मुष्टियुद्धाचे धडे देणारी ती हसरी सिस्टर मेरी बेनेडिक्ट मनात घर करून राहिली. घरी येऊन आम्ही मावशीला विचारले, "ही सिस्टर कोणत्या मठातली?" मावशी म्हणाली, "अरे, ती सिस्टर नव्हे, नटी आहे. आणि पुढे फार वाईट निघाली." कोणाबरोबर वाईट निघाली, हे मावशीने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

ती नटी म्हणजे इन्ग्रिड बर्गमन. मूळची स्वीडनची. १९४५ साली तिने ही सिस्टर रंगविली आणि १९४८ साली पडद्यावर संत जोन ऑफ आर्क साकारली. अमेरिकेतील भाविक प्रेक्षकांनी भूमिका आणि बाई यांत भेदच ठेवला नाही. पुढे १९४९ साली इटालियन दिग्दर्शक रॉबर्तो रोसेलिनी याच्या 'स्ट्रॉम्बोली' या चित्रपटासाठी ती इटलीस गेली आणि तेथे दोघांचे प्रेम जडले. ती विवाहित होती, एका मुलीची आई होती. तोही विवाहित होता. फेब्रुवारी १९५० मध्ये तिला त्याच्यापासून मुलगा झाला आणि वादळ उठले. १४ मार्च १९५० रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडविन जॉन्सन या सदस्याने तिच्यावर घणाघाती भाषण केले. नटनट्यांना आणि निर्मात्यांना सरकारी परवाना असावा, असा प्रस्तावही त्याने मांडला. त्याने रोसेलिनीलाही सोडले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु लोकांच्या मनातून उतरली ती इन्ग्रिड. काही शहरांनी तिचा चित्रपट दाखवू दिला नाही, हॉलिवूडची दारे तिला काही वर्षे बंद झाली आणि पहिल्या मुलीची ताटातूट झाली.

त्याच १९५० साली रोसेलिनीने काय केले? त्याने असिसीकर संत फ्रान्सिसच्या जीवनावर चित्रपट काढला. चित्रपट नितांत सुंदर आहे. १९९५ साली सिनेमाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत तो आहे, आणि त्याचाच 'रोम, ओपन सिटी' हाही आहे. याबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. सदोष हातांनीही देव सुंदर काम करवून घेतो. आमचा प्रश्न एवढाच आहे: संत फ्रान्सिस पडद्यावर आणणाऱ्या पुरुषाला आपण कलावंत म्हणून वेगळा तोलतो, मग संत जोन साकारणाऱ्या स्त्रीला तीच सवलत का मिळू नये?

याच काळातील दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लॉरेटा यंग ही कॅथलिक अभिनेत्री आपल्या धर्मनिष्ठेबद्दल प्रसिद्ध होती. विवाहित असलेल्या क्लार्क गेबल या नटापासून तिला १९३५ साली मुलगी झाली. गरोदरपण तिने जगापासून दडविले आणि नंतर आपल्याच पोटच्या मुलीला 'दत्तक' म्हणून घरी आणले. त्या मुलीने मोठेपणी, १९९४ साली, आपल्या आत्मचरित्रात ही हकिकत लिहिली. गेबलला काही लपविण्यासाठी घरात कोंडून घ्यावे लागले नाही. १९३९ साली 'गॉन विथ द विंड'ने तो कीर्तीच्या शिखरावर होता. लॉरेटाने मात्र १९४९ साली एका चित्रपटात सिस्टरची भूमिका केली आणि प्रेक्षकांनी तिचे कौतुक केले. वाचकहो, दोघींची तुलना करून पाहा. एकीने मूल झाकले, म्हणून तिचा झगा पांढरा राहिला. दुसरीने मूल उघडपणे कडेवर घेतले, म्हणून तिच्यावर दगड पडले. मग शिक्षा नेमकी पापाची होती, की न लपविण्याची? पुरुषाचे शरीर त्याच्याविरुद्ध साक्ष देत नाही, स्त्रीचे देते. समाज त्या साक्षीवरच निकाल देऊन मोकळा होतो.

रोसेलिनीची कथा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोहोचते. डिसेंबर १९५६ मध्ये तो भारतावर चित्रपट करण्यासाठी येथे आला आणि एका बंगाली चित्रपटकाराची पत्नी सोनाली दासगुप्ता हिच्या प्रेमात पडला. मुंबईच्या वृत्तपत्रांना महिनोन्‌महिने खाद्य मिळाले. सोनालीने थोरल्या मुलाला मागे ठेवून, धाकट्याला घेऊन देश सोडला; पुढचे सारे आयुष्य तिने रोममध्ये काढले आणि २०१४ साली तेथेच तिचा अंत झाला. रोसेलिनीचा भारतावरील चित्रपट १९५९ साली पूर्ण झाला, आणि १९७७ साली, मृत्यूच्या काही दिवस आधी, तो कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता.

इन्ग्रिडला लोकांनी पुढे परत बोलावले, हेही खरे. 'अ‍ॅनास्तेशिया' या १९५६ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळाले. ते घ्यायला ती गेली नाही, तिच्या वतीने कॅरी ग्रँटने स्वीकारले. १९७२ साली, म्हणजे त्या भाषणानंतर २२ वर्षांनी, चार्ल्स पर्सी या सदस्याने त्याच सिनेटमध्ये तिची क्षमा मागितली. क्षमा उशिरा आली, तरी आली.

आम्ही मात्र अजून मागितलेली नाही. हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

तरुणपणी आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या नाट्यमंडळात होतो. नाताळानंतर व्हायच्या नाटकाच्या तालमी चालू असताना नायक आणि नायिका यांच्याबद्दल गावात कुजबुज सुरू झाली. मंडळाची बैठक बसली. 'चर्चच्या अंगणात असली मुलगी रंगमंचावर कशी उभी करायची?' असा प्रश्न निघाला आणि तिची भूमिका काढून घेतली गेली. पुढे गायनमंडळातूनही तिचे नाव गेले. नायकाविषयी कोणी म्हणाले, "पोरगा आहे, होते चूक. शिवाय त्याचे संवाद पाठ आहेत." नाटक ठरल्या दिवशी झाले. त्याला टाळ्या पडल्या. त्या बैठकीत हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो.

व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला प्रभू येशूपुढे आणले, तो प्रसंग आपण किती वेळा ऐकतो! मोशेच्या नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही सांगितली होती. अंगणात मात्र एकटी स्त्रीच आणली गेली. प्रभूने पापाला पुण्य म्हटले नाही. तिला पुन्हा पाप न करण्यास सांगितले, पण त्याआधी दगड धरलेल्या हातांना खाली यायला लावले. आम्ही पापाची बाजू घेत नाही. विवाहाची शपथ मोडते तेव्हा घरे मोडतात, लेकरे पोरकी होतात, आणि त्याला दोघे जबाबदार असतात. म्हणूनच माप दोघांना एकच असावे, आणि परतीची वाटही दोघांना सारखीच मोकळी असावी.

मागच्या वर्षी एका लग्नात ती आम्हांला भेटली. आता नातवंडे आहेत तिला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि जाताजाता तिने विचारले, "त्या वर्षीचं नाटक छान झालं होतं ना? मी बघायला आले नव्हते." आम्ही 'हो' म्हणालो. एवढेच. क्षमेचा शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला.

हा अंक तिच्या घरीही जातो, हे आम्हांला ठाऊक आहे. बाई, तुझी भूमिका काढून घेणाऱ्या हातांत एक हात आमचा होता. आम्हांला क्षमा कर.