रेशनची ज्वारी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला मुख्य पीक ज्वारीचं. वरचं पाणी द्यावं लागत नाही, परतीच्या पावसाच्या ओलीवर ती येते. तरी आमच्या गावात वर्षानुवर्षं रेशनला मिळतात गहू आणि तांदूळ. माल निघाला की देणी दारात उभी असतात, म्हणून ज्वारी खळ्यावरूनच व्यापाऱ्याकडे जाते आणि घरात रेशनचा गहू येतो. यात वावगं काही आहे, असं कुणाला वाटतही नव्हतं.

बचत गटाच्या एका बैठकीत 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याची माहिती मिळाली. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो, असे दर त्यात लिहिले होते. (2023 पासून हे धान्य मोफत आहे.) भरडधान्यात आपली ज्वारीही येते. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "ताई, वरून येतं ते मी वाटतो." त्यात त्याचं काही चुकत नव्हतं.

मग रेशनला ज्वारीही मिळावी, असा ठराव 1 मेच्या ग्रामसभेत मांडायचं ठरलं. साहेबलोक विरोध करतील असं वाटलं होतं. विरोध केला बायकांनीच. एक जाऊबाई म्हणाल्या, "दिवसभर खुरपून आल्यावर भाकऱ्या कोण थापणार? चपात्या सकाळी लाटून ठेवल्या की संध्याकाळपर्यंत चालतात." दुसरीला पाहुण्यांपुढे भाकरी वाढायची लाज वाटत होती. शहरातल्या हॉटेलात हीच भाकरी पिठल्याबरोबर मिरवते, हे सांगून उपयोग नव्हता. ज्वारी पचायला हलकी, पौष्टिक, ही भाषणंही मी सोडून दिली. गव्हाच्या जागी नको, गव्हाबरोबर द्या, थोडी द्या, एवढंच ठरावात लिहिलं. तेव्हा हात वर झाले.

तहसील कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली, पुन्हा गेलो. त्या खेपांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कागद पुढे सरकवणारा कारकून भला होता आणि ठरवणारा माणूस त्या इमारतीत नव्हताच.

एका वर्षी ज्वारी आली. पण ती हायब्रीड, खरिपाची, पावसात सापडून काळपट पडलेली. पोती बघून सासूबाई म्हणाल्या, "ही कोंबड्यांना घाला." आम्ही ज्वारी मागितली होती, ती कुठली आणि कसली, हे मागितलंच नव्हतं!

रेशनला येते ती सरकारनं हमीभावानं घेतलेली ज्वारी, म्हणून मग हमीभावाचे आकडे पाहिले. 2024-25 साठी हायब्रीड ज्वारीला क्विंटलमागे 3371 रुपये आणि आमच्या रब्बीच्या मालदांडीला 3421. फरक 50 रुपयांचा. चांगल्या मालदांडीला बाजारात याहून जास्त मिळत असताना ती सरकारी केंद्रावर कोण घालणार? भाव पडलेल्या वर्षी घालावी म्हटलं, तर नोंदणी, ओलाव्याची तपासणी आणि मग पैशांची वाट. तेवढा दम धरायला हाताशी पैसा लागतो. शिवाय आमच्यात ज्वारी निम्मी कडब्यासाठीच पेरतात. हमीभाव नुसत्या दाण्याचा.

म्हणून आताच्या अर्जात मागणी वेगळी आहे. मालदांडीचा हमीभाव वाढवावा, खरेदी केंद्र सुगीच्या आधी उघडावं आणि इथे घेतलेली ज्वारी आधी इथल्याच रेशन दुकानांना आणि अंगणवाड्यांना द्यावी. आमच्या त्या जाऊबाईंनी त्यात एक ओळ घालायला लावली आहे: गावात भाकरीचं यंत्र बसवायला बचत गटाला कर्ज मिळावं. ती ओळ अन्नपुरवठा खात्याच्या अर्जात बसत नाही, असं कारकुनानं सांगितलं. आम्ही ती काढलेली नाही.