जोडाला पोट नसतं

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या कोशांचा मातकट सोनेरी धागा इथल्या हातमागावर चढतो आणि छटांमधला बारीकसा फरक मागावरच्या दिव्याच्या उजेडात पारखला जातो. कापडाकडे डोळे लागतातच. माझी नजर मात्र त्या दिव्याच्या वायरीमागे जाते. भिंतीच्या कडेकडेने ती एका डबीत शिरते आणि तिथे तिला आणखी दोन-तीन वायरी भेटतात. त्या भेटीच्या जागेवर माझा फार जीव आहे.

गावाबाहेर धानाच्या बांध्या आहेत. रोवणीच्या दिवसांत वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरतं, पण किती आलं आणि किती गेलं याचा मेळ काही बसत नाही. थोडं पाणी बांधी पोटात ठेवते, थोडं जमीन पिते, थोडं ऊन नेतं. तारांच्या जोडाला पोटच नसतं. जितकी धारा आत येते तितकीच, त्याच क्षणी, बाहेर पडते. गुस्ताव किरचॉफने हा नियम 1845 मध्ये मांडला, तेव्हा तो क्योनिग्सबर्गला शिकणारा 21 वर्षांचा विद्यार्थी होता. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून 52 वर्षं होती. तारेतून नेमकं काय वाहतं हे ठाऊक नसताना त्याने त्याचा हिशोब चोख मांडून ठेवला! मला याचं आजही नवल वाटतं.

बारावीच्या भौतिकशास्त्रात हे गणित असतं. चार तारा एका बिंदूत मिळतात. एकीतून 5 अँपिअर आत येतात, दुसरीतून 2, तिसरीतून 3 बाहेर जातात. चौथीचं काय? तिला मीटर लावायची गरजच नाही. आत 7, बाहेर 3, म्हणजे चौथीतून 4 अँपिअर बाहेर जायलाच हवेत. मुलं अडतात ती दिशेपाशी. धारा आत येतेय की बाहेर जातेय, आधी कसं ठरवायचं? कशीही धरा. चौथीची धारा आत येते असं धरून गणित केलं, तर उत्तर उणे 4 येतं. आकडा तोच राहतो आणि उणे चिन्ह सांगतं की दिशा उलटी आहे. इतकं मोठं मन असलेलं गणित मला दुसरं माहीत नाही. घाबरलेल्या पोराला पहिल्याच दिवशी कुणीतरी हे सांगायला हवं.

घरात येणारी वीज उलटसुलट वाहणारी, म्हणून तिथे आकड्यांची नुसती बेरीज चालत नाही. कोणती धारा किती मागे-पुढे आहे तेही धरावं लागतं. गावच्या डीपीवर तीन फेजा निघतात आणि न्यूट्रल चौथा. तिन्ही फेजांवर सारख्याच जातीचा 10-10 अँपिअरचा भार असेल तर न्यूट्रलमधली धारा शून्य होते. एका फेजेवरचा भार पूर्ण उतरला, की न्यूट्रलला 10 अँपिअर वाहावे लागतात. तिघींमधली तफावत तो मुकाट्याने परत नेतो. तोच तुटला तर? तफावतीला परतीची वाट उरत नाही आणि तिन्ही धारांना आपसातच शून्य जुळवावं लागतं. मग कमी भार असलेल्या फेजेवरचा दाब चढतो, जास्त भाराच्या फेजेवरचा पडतो. एका आळीतले दिवे मिणमिणतात, दुसऱ्या आळीतले टीव्ही आणि बल्ब जळतात. लोक म्हणतात, ‘लाईन जास्त आली.’ खरं तर लाईन तेवढीच असते, परतीची तार गेलेली असते.

या नियमाचं सगळ्यात मोलाचं काम मात्र एका छोट्या पेटीत चालतं. आरसीसीबी तिचं नाव. तिच्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेलेली धारा आणि परतलेली धारा सारखी असेल तर कडं शांत राहतं. फरक पडला, म्हणजे काही धारा तिसऱ्याच वाटेने जमिनीत उतरतेय. ती वाट ओल्या भिंतीची असेल, नाहीतर कुणाच्या शरीराची. घरासाठीची नेहमीची पेटी 30 मिलिअँपिअरच्या आतच, डोळ्याचं पातं लवायच्या सुमारास वीज तोडते. कुणाला शॉक बसतोय हे तिला दिसत नाही. तिला फक्त वजाबाकी येते. पावसाळ्यात जमिनीला ओल सुटते. खड्डामागावर बसणाऱ्याचे पाय दिवसभर खड्ड्यात असतात, पंपाचा स्टार्टर दाबणारा चिखलात उभा असतो. अशा जागी ही पेटी आधी हवी, बाकीची हौस नंतर.

तुमच्या घरी ती नसेल तर या पावसाळ्याआधी जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. असेल, तर तिच्यावर ‘टी’ लिहिलेली एक कळ आहे, ती अधूनमधून दाबून बघा. खटका पडला नाही तर पेटी त्याच दिवशी बदला.