रेशमीची सर्दी

जुन्या नाशकातल्या आमच्या घरात मांजर शिंकलं, तर कोण लक्ष देतं? अकरा वर्षांची रेशमी थंडीत शिंकायला लागली, तेव्हा अम्मी म्हणाली, "सर्दी आहे, होईल बरी." गोळ्या दिल्या की थोडं थांबायचं, पुन्हा सुरू. असे तीन महिने गेले. मग एका सकाळी तिच्या उजव्या नाकपुडीतून रक्त आलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एकाच बाजूनं वाहतं का?" साधी सर्दी बहुधा दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच बाजूनं सुरू झालेलं, रक्तमिश्रित, औषधांना न जुमानणारं वाहणं असेल, तर गाठीची शंका घ्यायची. त्यांनी स्टेरॉइडही लगेच दिलं नाही. त्यानं गाठ तात्पुरती आकसते आणि बायोप्सीत आजार नीट ओळखू येत नाही. भूल देऊन तुकडा काढला. निदान आलं, लिम्फोमा. मांजरांच्या नाकात बहुतेक वेळा हाच कॅन्सर आढळतो.

तो नाकापुरताच असेल, तर किरणोपचारांनी बरीच मांजरं वर्षभर किंवा जास्तही जगतात. पण त्यासाठी दूर नेऊन पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागली असती. आम्ही केमोथेरपी निवडली. व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड आणि आता प्रेडनिसोलोन. तिची माती हातमोजे घालून साफ करायची. वास येत नसेल तर मांजर जेवत नाही, म्हणून अम्मी मासळी कोमट करून द्यायची.

शेजारच्या खाला म्हणाल्या, "मांजरावर एवढा पैसा? एखाद्या गरिबाला दिला असता." मला उत्तर सुचलं नाही. अम्मी म्हणाली, "अबू कतादांनी वुजूचं भांडं मांजरासाठी कलतं केलं होतं. तिला तहान लागली होती, एवढंच त्यांनी पाहिलं. गरिबाचा वाटा वेगळा, तो आपण देतोच."

रेशमी सात महिने जगली. त्यातले पाच चांगले होते, ती गच्चीवर उन्हात पडून असायची. शेवटी तिनं मासळीही नाकारली, तेव्हा आम्ही औषधं थांबवली. तिसऱ्या रात्री ती अम्मीच्या मांडीवर गेली.

पैसे गेल्याचं दुःख नाही. ते तीन महिने मात्र अजून सलतात. तुमच्या घरचं मांजर एकाच नाकपुडीनं शिंकत असेल, तर सर्दी म्हणून सोडून देऊ नका.