तीन कीं आठ ?

आमच्या घराण्यांत जडजवाहीर कधींच नव्हतें. एक मोटार मात्र होती. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांत तयार झालेली ती फियाट आमच्या आजोबांनीं सन १९५९ मध्यें घेतली व कडावला आणली. महाराष्ट्र राज्य स्थापन होण्यास तेव्हां एक वर्ष अवकाश होता. आणि कर्जत तालुका ज्या जिल्ह्यांत मोडतो, त्याचें नांव त्या वेळीं कुलाबा असें होतें. रायगड हें नांव त्यास १९८१ मध्यें मिळालें. आजोबा निवर्तल्यावर मोटार पेंढ्याच्या पडवींत जी उभी राहिली, ती तीस पावसाळे तशीच उभी होती. कर्जतेकडील पाऊस ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस तिच्या पत्र्याची अवस्था निराळी सांगावयास नको.

दोन वर्षांपूर्वीं आम्हां भावंडांनीं ती पुनः चालती करण्याचा निश्चय केला. यंत्र जुळलें, पत्रा सांधला, रंग चढला. थोरले काका अंथरुणास खिळलेले. "गाडी अंगणांत आली म्हणजे मला उचलून बाहेर न्या," एवढेंच त्यांचें मागणें होतें. सर्व सिद्धता झाली आणि मग आमच्या ध्यानांत आलें कीं, पुढची व मागची, दोन्ही नंबराच्या पाट्या नाहींशा झाल्या आहेत!

बालवाचकांस येथें थोडी माहिती दिली पाहिजे. १९३९ च्या मोटार कायद्याखालीं प्रत्येक प्रांतास रोमन अक्षरें नेमून दिलेलीं होतीं. मुंबईच्या अक्षरांचा आरंभ 'बी' नें होई. खासगी गाडीची पाटी काळी व तिजवर पांढरीं अक्षरें. भाड्याच्या गाडीचें याच्या उलट. पुष्कळशा पाट्या रंगारी हातानें लिहीत. त्यामुळें अक्षरांत लिहिणाऱ्याच्या हाताचें वळण उतरे. १ जुलै १९८९ रोजीं नवा कायदा अमलांत आला, आणि राज्याचीं दोन अक्षरें व त्यांपुढें कचेरीचा अंक, ही आजची पद्धत सुरू झाली. या शतकाच्या आरंभीं रंगही पालटले. खासगी पाटी पांढरी व अक्षरें काळीं झालीं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांस ॲल्युमिनिअमची सुरक्षा-पाटी सक्तीची झाली. तिजवर अशोकचक्राचा चकाकणारा छाप असतो, आणि ती एकदां बसविली कीं मोडल्यावांचून निघत नाहीं. पुढें महाराष्ट्रांत जुन्या वाहनांसही तीच लावण्याचा आदेश झाला.

मूळ स्वरूपांत राखलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं सरकारनें जुलै २०२१ मध्यें स्वतंत्र नियम केले. अशा गाडीची नव्यानें नोंद करावयाची तर वीस हजार रुपये भरून 'व्ही ए' अक्षरांचा क्रमांक घ्यावा लागतो. परंतु जिची नोंद पूर्वींच झालेली आहे, तिला आपला मूळ क्रमांक राखतां येतो. आम्हांस मूळ क्रमांकच हवा होता, आणि अंगणांत व प्रदर्शनांत मिरविण्यास जुन्या धर्तीची काळी पाटीही हवी होती.

नोंदीचें पुस्तक काढून पाहतों तों त्यास वाळवी लागलेली. तीन अक्षरें व पहिले तीन आकडे शाबूत. चौथ्या आकड्याची डावी बाजू तेवढी खाल्लेली. उरला होता तो अख्खा तीन, कीं आठाचा उजवा अर्धा भाग? लग्नांतल्या एकुलत्या एका छायाचित्रांत नेमका त्याच आकड्यावर फुलांचा हार लोंबत होता. आत्या म्हणे आठ. काका सकाळीं तीन म्हणत, संध्याकाळीं आठ. आम्हां सर्वांचा कौल आठाकडेच होता.

पाटीच्या शोधांत आम्ही मुंबईच्या एका जुन्या बाजारांत गेलों. तेथें भंगारांत गेलेल्या गाड्यांच्या काळ्या पाट्यांची रास पडलेली. दुकानदार म्हणाला, "यांतली कोणतीही घ्या, तुमचा नंबर त्याच वळणानें लिहून देतों. आठ लिहूं कीं तीन? साठ वर्षांपूर्वींचा आकडा, विचारतो कोण?" खरें सांगावयाचें तर आमचा हात खिशाकडे गेला होता. इतक्यांत धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "आणि तो आकडा चुकला, तर आपण काकांना कोणाची गाडी दाखवणार?" आम्ही रिकाम्या हातांनीं परतलों.

पुढें गांवांत विचारपूस करीत असतां, नदीकडच्या वाडींतील एक वृद्ध बाई म्हणाली, "तुमच्या आजाच्या गाडीची पाटी व्हय? ती माझ्या खुराड्याला हाय." कोंबड्यांच्या खुराड्याचें दार म्हणून ती पाटी उलटी ठोकलेली होती! ऐन पावसाळ्यांत बाईला प्रसूतीसाठीं कर्जतला नेत असतां गाडी ओढ्यांत रुतली. लोकांनीं ढकलून काढली, तेव्हां मागची पाटी निखळून पडली. पाणी ओसरल्यावर तिच्या यजमानांना ती सांपडली; पण तोंवर आजोबांनीं दुसरी लिहून घेतली होती. "त्या गाडीनं माझा पोर जिता राहिला. पाटी फेकवंना," बाई म्हणाली.

कृतज्ञता होती, तरी व्यवहार चुकला नाहीं. "आधीं मला दार द्या, मग पाटी न्या. रातचं मुंगूस येतं." आम्हीं सुताराकडून लांकडी दार करवून बसविलें, आणि मगच पाटी हातीं घेतली. साबणाच्या पाण्यानें चुना व घाण हळूहळू निघाली. शेवटचा आकडा तीन होता.

कचेरींतील जुन्या नोंदींत तो क्रमांक पाहिला, तेव्हां चासीवर ठोकलेला अंकही तंतोतंत जुळला. बाजारांत आम्ही पैसे मोजते, तर दुसऱ्याच कोणाच्या गाडीचें नांव आजोबांच्या गाडीवर लागतें, आणि तें आम्हांस कधीं कळलेंही नसतें.

मूळ पाटीस आम्हीं नवा रंग दिला नाहीं. तिच्या टवक्यांसह ती मागें बसविली. पुढच्यासाठीं कर्जतच्या एका रंगाऱ्याकडून त्याच वळणाची जोडपाटी लिहविली, आणि तिच्या पाठीवर 'नक्कल' हा शब्द व साल घालावयास सांगितलें. रंगारी हंसला, म्हणाला, "पाठीमागचं कोण वाचणार?" आम्ही म्हणालों, "आमचीं नातवंडें." रस्त्यावर निघावयाचें तेव्हां या दोन्ही पाट्या उतरून सुरक्षा-पाट्या लागतील, पण क्रमांक तोच राहील.

गाडी अंगणांत आली त्या दिवशीं काकांना खुर्चींत बसवून बाहेर आणलें. ती वाडीवरची बाईही आपल्या मुलासह आली होती. मुलाच्या मिशा आतां पांढऱ्या झाल्या आहेत. काकांनीं वांकून शेवटच्या आकड्यावरून बोट फिरविलें आणि म्हणाले, "तीनच. मी सांगत नव्हतों?"