पाच माणसांचे गाव

वाचकहो, गाव म्हटले की काही ठरावीक गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. वेशीजवळचे झाड, पाणवठा, देऊळ, बाजाराची गल्ली आणि त्या गल्लीतून संथपणे चाललेली माणसांची ये-जा. आज ज्या गावाची ओळख मी आपणांस करून देणार आहे, तेथे यांपैकी काहीच आढळायचे नाही. फार काय, त्या गावाला मुख्य रस्ता असा कधी नव्हताच. जेथे रस्ता असावयाचा तेथे लोहमार्ग आहे आणि दुकानांची दारे थेट त्या लोहमार्गाकडे तोंड करून उभी आहेत. या गावाचे नाव थर्मंड. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्यात, न्यू नदीच्या खोल दरीत ते वसले आहे. २०२० सालच्या शिरगणतीत या गावाची लोकसंख्या भरली अवघी ५.

थर्मंडला जाण्याची वाट ग्लेन जीन नावाच्या खेड्यावरून आहे. तेथून एक अरुंद रस्ता ओढ्याच्या काठाकाठाने सुमारे ११ किलोमीटर खाली उतरतो. दोन्ही बाजूंना दाट झाडीने भरलेले डोंगर. दरीच्या तळाशी नदी आडवी येते आणि तिच्यावर एका वेळी एकच मोटार जाईल एवढा पूल लागतो. पूल ओलांडला की समोर डोंगर आणि नदी यांच्यामध्ये सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसते. रूळ टाकून उरलेल्या जागेत दोन-तीन मजली विटांच्या इमारतींची एक रांग बसवली आहे. सारे थर्मंड डोळ्यांत साठवायला दहा मिनिटे पुरतात. ते समजून घ्यायला मात्र दीडशे वर्षे मागे जावे लागते.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतर चेसापीक अँड ओहायो या कंपनीने डोंगर फोडून या दरीतून आपला मार्ग नेला व १८७३ च्या आरंभी तो पूर्ण झाला. नुकतेच दास्यमुक्त झालेले हजारो कृष्णवर्णीय मजूर या कामावर खपले होते. त्याच वर्षी विल्यम थर्मंड नावाच्या मोजणीदाराला त्याच्या मोजणीच्या कामाचा मोबदला म्हणून येथील ७३ एकर जमीन मिळाली. युद्धात तो दक्षिणेच्या बाजूने लढला होता, म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणत. नांगर धरण्याजोगी ही जमीन नव्हती. तिचे मोल एवढेच, की तिच्यावरून गाडी जात होती.

परंतु गाडी जाते म्हणून गाव होत नाही. गाडी थांबावी लागते. ते कारण डोंगराच्या पोटात होते. या दरीतला दगडी कोळसा उत्तम प्रतीचा, फार धूर न करता जळणारा. थॉमस मकेल या गृहस्थाची नदीपलीकडे मोठी जमीन होती. त्याने रेल्वे कंपनीशी बोलणी करून १८८० नंतरच्या दशकाअखेर नदीवर पूल आणि ओढ्याच्या खोऱ्यात फाटा घालून घेतला. फाट्यावरच्या खाणींतून भरलेल्या वाघिणी थर्मंडच्या यार्डात येऊ लागल्या. त्या तेथे जोडून लांबच लांब मालगाड्या तयार होत. काही पूर्वेकडे समुद्रकाठच्या न्यूपोर्ट न्यूज बंदराकडे जात, तर काही पश्चिमेकडच्या शहरांकडे.

शिवाय वाफेच्या इंजिनाची भूक आणि तहान होतीच. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. थोडे अंतर चालून जाताच त्याला पाणी हवे, कोळसा हवा, राख काढून टाकायला माणूस हवा. आणि रूळ ओले असले की चाके घसरू नयेत म्हणून वाळू हवी. हे सारे पुरवण्यासाठी थर्मंडला इंजिनघर उभे राहिले. १९२२ मध्ये ५०० टन कोळसा साठवणारा काँक्रीटचा उंच बुरूज बांधण्यात आला. इंजिन त्याच्याखाली येऊन उभे राहिले की वरून घळघळ कोळसा पडे. फायरमन, सांधेवाले, लोहार, फिटर, कारकून अशी माणसे आली. त्यांच्यामागून खाणावळी, दुकाने, बँका आल्या.

विसाव्या शतकाची पहिली दोन दशके हा थर्मंडचा ऐन बहर. दिवसाला पंधरा उतारूगाड्या येथून जात आणि एका वर्षात ९५,००० पर्यंत उतारू या स्टेशनातून ये-जा करीत. चेसापीक अँड ओहायोच्या सर्व स्टेशनांत सर्वाधिक उत्पन्न येथले होते. खाणमालक येथे सौदे करीत, तर खाणीतले मजूर पगाराच्या दिवशी येथे येत. मोटारींचा रस्ता १९२१ पर्यंत गावाला पोचलाच नव्हता. म्हणून येणारा प्रत्येक माणूस आगगाडीनेच येई.

या भरभराटीची दोन तोंडे होती. कॅप्टन थर्मंड धर्मभीरू बाप्टिस्ट. आपल्या जमिनीवर त्याने दारूला मज्जाव केला होता. पण नदीच्या पलीकडचा काठ त्याचा नव्हता. तेथे मकेलने १९०१ मध्ये शंभर खोल्यांचे डन ग्लेन हॉटेल उभारले. त्या हॉटेलात पत्त्यांचा एक डाव चौदा वर्षे अखंड चालला होता असे सांगतात. आख्यायिकेतला अतिशयोक्तीचा भाग वगळला, तरी एका काठावर संयम आणि दुसऱ्या काठावर रंगढंग हे चित्र खरेच होते. १९१४ मध्ये राज्यभर दारूबंदी झाली आणि त्या रंगाचा बहर ओसरू लागला.

आता लोकसंख्येकडे वळू. कारण या गावाची कहाणी आकड्यांत फार स्पष्ट दिसते. एवढा गजबजाट होता, तरी येथील वस्ती कोणत्याही शिरगणतीत ५०० पर्यंत पोचली नाही. १९३० मध्ये ती ४६२ होती. डोंगर आणि नदी यांच्या मधल्या पट्टीत त्याहून अधिक घरे मावणारच कोठे? थर्मंडमधून पैसा, कोळसा, माणसे अमाप गेली. पण ती गेली. राहण्यासाठी आलेली थोडी आणि जाण्यासाठी आलेली पुष्कळ, असा हा हिशेब होता. जे गाव दुसऱ्याच्या प्रवासावर जगते, त्याला या हिशेबाचे भान ठेवावेच लागते.

ते भान येण्याची वेळ लवकरच आली. १९३० मध्ये डन ग्लेन हॉटेल आगीत भस्मसात झाले. महामंदीत बँकेची दारे बंद झाली. खाणींचा जोर कमी होत गेला आणि मोटारींनी उतारू पळवले. तरीही गावाच्या वर्मावरचा घाव वेगळाच होता. १९४० नंतर कंपनीने वाफेची इंजिने मोडीत काढून डिझेलची इंजिने आणण्यास प्रारंभ केला. डिझेलच्या इंजिनाला वाटेत पाणी नको, कोळसा नको, राख काढणारा माणूसही नको. ते शेकडो मैल न थांबता जाते. ज्या तहानेवर थर्मंड जगत होते, ती तहानच नाहीशी झाली. कोणी गावाशी वैर केले नाही. गाडीला थांबण्याचे कारण उरले नाही, एवढेच.

मग लोक जाऊ लागले. १९५० च्या सुमारास दोनशेच्या आसपास माणसे उरली होती. २००० मध्ये उरली ७, २०१० मध्ये ५ आणि २०२० मध्येही ५. जुने इंजिनघर १९९३ मध्ये जळून गेले.

तथापि थर्मंडला ओसाड म्हणण्याची घाई करू नका. कागदोपत्री ते आजही रीतसर नगर आहे. २००५ च्या निवडणुकीत सात रहिवाशांपैकी सहा जण उमेदवार होते! कारभाराची जबाबदारी घेण्यास इतके तत्पर नागरिक एखाद्या महानगरालाही लाभत नसतील. १९७८ मध्ये ही दरी राष्ट्रीय संरक्षणाखाली आली व २०२० च्या डिसेंबरात तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गावातील बहुतेक इमारती आता उद्यानखात्याच्या ताब्यात आहेत. १९०४ साली बांधलेले स्टेशन १९९५ मध्ये दुरुस्त करून तेथे माहितीकेंद्र उघडण्यात आले. १९८७ च्या ‘मेटवान’ या चित्रपटात खाणकामगारांच्या १९२० सालच्या लढ्याची कथा आहे. तिच्यासाठी जुने गाव हवे होते, ते येथे आयतेच मिळाले. उन्हाळ्यात नदीच्या खळाळत्या पाण्यात नावा हाकणारे हौशी लोकही येतात.

वाचकहो, वाफेच्या इंजिनांच्या काळात आपल्या देशातही इंजिन बदलण्याच्या, पाणी भरण्याच्या स्टेशनांभोवती वसाहती उभ्या राहिल्या. काहींनी शाळा काढल्या, बाजार भरवले, कारखाने आणले, त्या तगल्या. एकाच आधारावर विसंबलेल्या कोमेजल्या. आपले गाव कशाच्या बळावर उभे आहे, ते बळ गेले तर दुसरे कोणते आहे, हा प्रश्न प्रत्येक गावाने भरभराटीच्या दिवसांतच विचारायला हवा. उतरत्या काळात त्याचे उत्तर शोधायला माणसे उरत नाहीत.

थर्मंडच्या दारावरून आजही कोळशाच्या मालगाड्या धडधडत जातात, मात्र थांबत नाहीत. न्यूयॉर्क आणि शिकागो यांच्या दरम्यान धावणारी ‘कार्डिनल’ ही उतारूगाडी आठवड्यातून तीन दिवस येथून जाते. कोणाला चढावयाचे किंवा उतरावयाचे असेल तरच ती उभी राहते. एके काळी या स्टेशनात गाडी थांबे ती इंजिनाच्या तहानेसाठी. आता थांबते ती माणसासाठी, मग ते एकच का असेना. पाच माणसांच्या गावाला एवढा मान पुष्कळ आहे.